गोड्या विहिरीवरची पवनचक्की

घाटकोपर, १२ मे १९५५

गोराईच्या वाडीवाल्यांनो, आयाबहिणींनो,

तुमची गोडी विहीर खारी झाली, आणि ती कोणी खारी केली हे तुम्हाला अजून पवनचक्की केंद्रातल्या एकानंही तोंड उघडून सांगितलेलं नाही. केंद्राचे मोठे साहेब म्हणतात, यंदा उन्हाळा कडक आहे. तुम्ही कडक उन्हाळे काय कमी पाहिलेत? विहीर आटलेली पाहिलीत, खारी झालेली कधी पाहिली नाहीत.

म्हणून तुम्ही मला विचारलंत. बरोबर केलंत. टेकडी आणि विहीर चाचणीला द्या असं चर्चच्या अंगणात तुम्हाला सांगणारा मीच होतो. माझ्या शब्दामागे आणखी एका माणसाचा शब्द होता. तो विद्याधर तळपदे, केंद्रातला इंजिनियर. तुम्ही त्याला चष्मेवाले साहेब म्हणता. मुलुंडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो.

आम्ही एकमेकांना लिहिलेली पत्रं खाली जशीच्या तशी छापली आहेत. माझ्या पत्रांची नक्कल मी नेहमी ठेवतो. मित्राची खाजगी पत्रं चव्हाट्यावर मांडणं वाईट, हे मला कळतं. पण विहीर खाजगी नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजाऱ्यानं वाचून दाखवावीत, आणि मधलं काही गाळू नये. माझा मूर्खपणासुद्धा.

---

अंधेरी, ५ सप्टेंबर १९५४

प्रिय जयवंत,

परवा घाटकोपरला तुझं भाषण ऐकलं. मागे उभा होतो, तुला दिसलो नसेन. तू म्हणालास, "वाऱ्यावर अजून कुणी सरकार बसवलेलं नाही," तेव्हा लोक हसले. मला मात्र वाटलं, या माणसाला माझं काम कळेल.

आमचं काम असं. खेड्यात वीज यायला अजून किती वर्षं लागतील कोण जाणे. वारा मात्र आज आहे. त्या वाऱ्यावर पंप चालवायचा तर चक्राला पाती किती असावीत, मनोरा किती उंच हवा, हलक्या वाऱ्यात ते फिरेल का आणि वादळात टिकेल का, हे कागदावर कळत नाही. चक्र उघड्यावर उभं करून महिनोन्महिने बघावं लागतं. त्यासाठी केंद्राला गोराईची टेकडी हवी आहे. समुद्राचा वारा थेट तिच्या छातीवर येतो आणि पायथ्याशी ती गोडी विहीर आहे.

पण गावकरी मला थारा देत नाहीत. इनासमामा म्हणून एक म्हातारे आहेत. त्यांनी चहा दिला, केळी दिली आणि पवनचक्की सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले. त्या गावात तुझा शब्द चालतो. वाडीवाल्यांचा संघ काढून तू भाजीच्या दलालांना खाडीच्या तरीवरूनच, होडीत बसवून परत पाठवलंस, ते लोक अजून सांगतात.

तू एकदा त्यांच्याशी बोल. उपसलेलं पाणी भाजीच्या वाड्यांना जाईल. चाचणी संपली की सगळ्यात चांगला ठरलेला पंप गावाचा. विहिरीला धक्का लागणार नाही, हे मी तुला माझ्या हातानं लिहून देतो.

क्षमा म्हणते, भाषण देणारे लोक घरी जेवायला येतात का ते विचारा.

तुझा
विद्याधर

---

घाटकोपर, २१ सप्टेंबर १९५४

प्रिय विद्या,

क्षमावहिनींना सांग, भाषण देणारे लोक जेवायलाच येतात, भाषण हे निमित्त.

रविवारी सभा झाली. तुला उभं करत नव्हते त्या लोकांनी मला दोन तास उभं केलं! मी देशाच्या योजनेबद्दल बोललो, शास्त्राबद्दल बोललो, बैलाच्या मानेवरचं मोटेचं जू उतरवायची गोष्ट बोललो. इनासमामा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जयवंता, वारा न्या की. वाऱ्याचा कोन भाव करते? पन पानी कोनाचा?"

मी म्हणालो, "मामा, पाणी तुमचंच. उलट बैलाविना वर येईल."

मार्थाबाई म्हणून त्यांची बहीण आहे, जिभेला धार लावलेली. ती म्हणाली, "तुझे चष्मेवाले साहेब विहिरीत किती वाकतान! पवता येते ना त्यांना? उद्या पडले तं आमची मानसं मासे सोडून साहेब काढत बसतील."

सगळं अंगण हसलं, आणि हसलेला माणूस अर्धा कबूल झालेला असतो. मग मामांनी विचारलं, "तू हमी घेतंस?" मी तुझं पत्र खिशातून काढलं नाही. कागद दाखवून हमी देणारे दलाल त्यांनी पुष्कळ पाहिलेत. मी एवढंच म्हटलं, "विद्याधर माझा भाऊ आहे. तो खोटं बोलला तर मी खोटं बोललो."

टेकडी मिळाली. आता माझी मान तुझ्या हातात आहे, जपून धर.

जयवंत

---

अंधेरी, १९ डिसेंबर १९५४

प्रिय जयवंत,

चक्र फिरलं! तू यायला हवा होतास. दुपारी वारा सुटला, अठरा पाती आधी आळस दिल्यासारखी हलली, मग एकदम सूर धरला, आणि पाणी हौदात पडलं. आमचा हौद मोजणीचा आहे. किती वाऱ्यात किती पाणी आलं ते त्यात कळतं. तिथून ते पाटानं वाड्यांना जातं. मार्थाबाईंनी पाटात पाय बुडवले आणि मला म्हणाल्या, "साहेब, आता पडलात तरी काढू तुमाला."

हे आपलं चक्र, इथल्या कारखान्यात घडवलेलं. शेजारी परदेशी बनावटीचं उभं केलं आहे, ते हलक्या वाऱ्यात रुसून बसतं. आमचे साहेब भलतेच खूश आहेत. जयवंत, अशी चक्रं सबंध किनाऱ्यावर उभी राहिलेली मला दिसतात. वसईला, अलिबागला, खाली रत्नागिरीपर्यंत. मी इतकी वर्षं हंगामी नोकर म्हणून टेबलं पुसली, त्याचं पहिल्यांदा काही वाटेनासं झालं.

तुझा
विद्याधर

---

घाटकोपर, १६ जानेवारी १९५५

प्रिय विद्या,

आज गोराईहून आलो. पिशवीत वांगी, पांढरे कांदे आणि मार्थाबाईंनी दिलेले शिव्याशाप. शिव्याशाप मी जेवायला बसत नाही म्हटलं म्हणून.

तुझ्या पाण्यानं लोकांना वेड लावलंय. ज्यांनी कधी उन्हाळी भाजी केली नाही त्यांनी पडीक वावरं फोडली. इनासमामांनी तर मोटेचे बैल विकून टाकले. मी म्हटलं, मामा, जरा थांबायचं होतं. म्हणाले, "तू हमी घेतलास ना? मंग बैलांना फुकट पेंड कशाला घालू?" शिवाय ईस्टरनंतर त्यांच्या लुसीचं लग्न आहे. बैल गेले, बँडची सोय झाली!

गेली पाच वर्षं मी व्यासपीठावरून ओरडतोय की शास्त्र गरिबाच्या दारात आलं पाहिजे. खरं सांगू? आतून मला भीती होती की ते येणारच नाही. ते आलं, आणि माझ्या मित्राच्या हातानं आलं. आज एवढंच.

जयवंत

---

अंधेरी, २० मार्च १९५५

प्रिय जयवंत,

बरेच दिवस लिहिलं नाही. काम फार. आता दमाची चाचणी चालू आहे: पंपाचा दट्ट्या पूर्ण लांबीनं चालवायचा आणि रात्रंदिवस, वारा आहे तोवर चक्र थांबवायचं नाही. ही चाचणी पावसाळ्यापर्यंत विनाखंड पार पडली तर अहवाल दिल्लीला जाईल. वाड्यांना लागून उरलेलं पाणी खाडीत सोडावं लागतं. विहिरीभोवती साहेबांनी कुंपण घातलं आहे; लोक वाकून वाकून बघतात, मोजणीत अडथळा येतो.

तब्येत बरी आहे. पोट जरा नाजूक झालंय, म्हणून पाणी घरूनच सुरईत नेतो. क्षमा चिडते, तरीतून उतरताना सुरई फुटेल म्हणून.

साहेब मला डेन्मार्कला पाठवायचं म्हणताहेत. तिथे पवनचक्क्यांच्या चाचणीची केंद्रं आहेत. अजून पक्कं नाही, कुठे बोलू नकोस.

तुझा
विद्याधर

---

घाटकोपर, ३ एप्रिल १९५५

प्रिय विद्या,

वा रे साहेब! गोड्या विहिरीच्या काठावर बसायचं आणि अंधेरीच्या नळाचं पाणी प्यायचं! डेन्मार्कला जायच्या आधीच पोट विलायती झालं वाटतं. मी ही सुरईची गोष्ट मार्थाबाईंना सांगितली, त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. आता तुला गावात सुरईसाहेब म्हणतील, त्याला मी जबाबदार.

तुझ्या जाण्याचं ऐकून ऊर भरून आला. जा आणि शिकून ये.

एक विचारायचं राहिलं. वाड्यांतल्या वांग्यांची पानं कडेनं जळल्यासारखी दिसताहेत. पाणी कमी नाही, खत कमी नाही. मामा म्हणतात, काहीतरी रोग असेल. तुझा पाट जिथे पहिल्यांदा पोचतो तिथे जास्त आहे, हे मला विचित्र वाटलं. तुला काही सुचतं का?

जयवंत

---

अंधेरी, ९ एप्रिल १९५५

प्रिय जयवंत,

घाईत आहे. पानांचं मला काय कळणार, मी यंत्राचा माणूस. शेतकी खात्याला विचारायला सांग.

सुरईची गोष्ट गावात सांगायला नको होतीस.

विद्याधर

---

घाटकोपर, २५ एप्रिल १९५५

विद्याधर,

काल लुसीचं लग्न झालं. मी परवा संध्याकाळीच गेलो होतो. त्यांची रीत तुला माहीत असेल: लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं गाव वाजतगाजत गोड्या विहिरीवर जातं, कळशी भरून आणतं आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतं. गावातला आड दर वर्षी या सुमाराला तळाला जातो आणि मग पावसापर्यंत सगळं गाव गोड्या विहिरीवर पाणी भरतं. त्या भरण्याचा मुहूर्तच म्हण ना. तुझ्या कुंपणाचं दार पहारेकऱ्यानं उघडलं, बायकांनी गाणी म्हणत पाणी शेंदलं, बँडवाला गाल फुगवून वाजवत होता.

अंगणात लुसीला पाटावर बसवलं. मार्थाबाईंनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. पोरगी थुंकली.

"आते, पानी खारा लागते."

सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "रडतंस कशाला गं आत्तापासून? डोल्यातला तोंडात गेला!" दुसरी म्हणाली, "सासरी जाऊन रड, इथं कळशीत मीठ नको घालू." लुसी म्हणाली, "मी रडत नाय गं. खरंच खारा हाय."

मार्थाबाईंनी ओंजळ भरून तोंडाला लावली. त्यांनी तांब्या इनासमामांपुढे धरला. मग इनासमामांनी चाखलं. मग मी. बाहेर बँड वाजतच होता, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मामांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही रे. रागानं बघितलं असतं तर मी बोलू शकलो असतो.

एवढंच म्हणाले, "जयवंता, तुझे भावाला म्हाईत होता?"

परतताना तरीत बसलो आणि मला तुझी सुरई आठवली. तुझं पोट बिघडलेलं नव्हतं. तू त्या पाण्याला तोंड लावत नव्हतास. त्याच पाण्यावर लोक वांगी पिकवत होते, बैल विकत होते, आणि मी, हा शहाणा वक्ता, तुझ्या सुरईवर विनोद करत गावभर फिरत होतो!

मला व्याख्यान नको. एका प्रश्नाचं उत्तर हवं. तुला माहीत होतं का?

जयवंत परब

---

अंधेरी, ४ मे १९५५

जयवंत,

हो.

मार्चच्या सुरुवातीला कळलं. आम्ही अधूनमधून पाण्याचा नमुना तपासायला देतो. समुद्राकाठच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. बेताबेतानं काढलं तर तसंच राहतं. मोटेनं बैल दमतो, रात्री विहीर भरून येते. आमचं चक्र दमत नाही. वारा असेपर्यंत ते उपसत राहतं आणि खालचं खारं पाणी वर खेचलं जातं. हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी वाऱ्याचा अभ्यास केला, पाती मोजली, विहीर कशी भरते ते पाहिलं नाही. त्या पत्रात विहिरीला धक्का लागणार नाही असं लिहिलं तेव्हा मी खोटं लिहिलं नव्हतं, एवढा विश्वास ठेव.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण पंपाची परीक्षा घेतोय, विहिरीची नाही. अहवाल जाईपर्यंत यावर बोलायचं नाही." मी गप्प बसलो. आत्ता चाचणी खंडित झाली तर आपलं चक्र नापास धरलं जाईल आणि खेडोपाडी ते परदेशी धूड जाईल. एका विहिरीसाठी हजार गावांचं नुकसान करू? तूच सांग. तू इतकं वाचलं आहेस.

आणि डेन्मार्कचंही सांगतो, नाहीतर ते तू माझ्या तोंडावर फेकशील. हुकूम आलाय. जूनमध्ये निघायचं आहे. क्षमानं गरम कपडे शिवायला टाकले.

तू विचारशील, आता उपाय काय. उपसा आत्ता थांबला आणि वरून पाऊस पडला, तर एकदोन पावसाळ्यांत विहीर पुन्हा गोडी होण्याची आशा आहे, असं आमचे पाणी तपासणारे म्हणतात. पावसाळ्यापर्यंत असंच चालू राहिलं तर ते काही सांगू शकत नाहीत. थांबवणं कठीण नाही. मनोऱ्याच्या पायाशी एक दोर आहे. तो ओढून खुंटीला बांधला की चक्राचं शेपूट मिटतं, चक्र वाऱ्याला बगल देतं आणि उभं राहतं. वादळात आम्ही तेच करतो. रोज सकाळी मी त्या दोराशेजारून जातो. मी तो ओढू शकत नाही, जयवंत. तू माझ्या जागी असतास तर तुलाही कळलं असतं.

इनासमामांना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यापेक्षा तुला शब्द चांगले सुचतात.

हे वाचून फाडून टाक. शाळेतल्या बाकाची शपथ.

विद्याधर

---

गोराईकरांनो, मी ते पत्र फाडलं नाही.

विद्याधरला मी वेगळं उत्तर लिहिलेलं नाही. हेच उत्तर. ते त्यालाही पाठवतो आहे, कारण तुम्हाला सांगायचं आणि त्याला सांगायचं माझ्याकडे निराळं काही उरलेलं नाही.

तो विचारतो, एका विहिरीसाठी हजार गावांचं नुकसान करू का? हा प्रश्न ऐकायला फार मोठा वाटतो. मोठ्या लोकांना असले प्रश्न आवडतात, त्यात समोरचा माणूस दिसेनासा होतो. पण नीट बघा. त्या हजार गावांपैकी कितीतरी गावं तुमच्यासारखीच समुद्राकाठी आहेत. अहवाल जाईल: पंप उत्तम, दम उत्तम. विहिरीचं काय झालं त्यावर एक ओळ नसेल. मग हेच चक्र, अशाच विहिरीवर, अशाच भोळ्या माणसांच्या टाळ्यांत उभं राहील. तिथेही एखादा जयवंत हमी घेईल. तिथेही कुणी मामा बैल विकतील. म्हणजे त्यानं एका गावाच्या बदल्यात हजार गावं वाचवली नाहीत. तुमच्यावर झालं ते त्यांच्याकडे रवाना करायची तयारी केली आहे.

माझं शास्त्राशी भांडण नाही. उद्याही मी व्यासपीठावरून शास्त्राचीच बाजू मांडीन. चूक आधी कळावी म्हणूनच तर चाचणी करतात. इथे चूक कळली होती. या सगळ्या उद्योगातून निघालेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती: समुद्राकाठी उपशाला आवर घाला. ती सांगितली असती तर सगळ्या किनाऱ्यानं विद्याधरचं नाव घेतलं असतं. ती त्यानं कुंपणाच्या आत बंद केली आणि स्वतः सुरई घेऊन बसला. माणूस चुकतो, त्याला मी माफ करतो. खारं पाणी माहीत असून ते दोन महिने माझ्या माणसांच्या वाड्यांत सोडतो आणि वर मला लिहितो की शेतकी खात्याला विचार, त्याला मी कशानं माफ करू?

"तू माझ्या जागी असतास तर" असं तो म्हणतो. विद्या, मी तुझ्याच जागी आहे. तुझ्या शब्दावर उभा राहून मी हमी दिली, तेव्हापासून माझी दुसरी जागाच नाही. काल इनासमामांच्या ओट्यावर बसून मी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. संपल्यावर मार्थाबाईंनी विचारलं, "त्यांची बायको बी तेच पानी घरून भरून द्यायची? तिला म्हाईत होता?" क्षमावहिनींना माहीत नसावं अशी मी अजून आशा करतो. आशा करायला मला तुझ्या घरात, विद्या, एवढंच शिल्लक राहिलं आहे.

तुमच्यातले काही तरुण कुंपण जाळायचं म्हणतात. जाळू नका. मनोरा पाडू नका, पात्याला दगड मारू नका. चक्राचा काहीही दोष नाही. ते वारा आला की फिरतं, त्याला दुसरं येतच नाही. अर्ज लिहायला मला सांगू नका. लुसीच्या लग्नापासून मी चारदा लिहिले, आणि अर्ज पोचेपर्यंत उपसा थांबत नाही. वारा आता दिवसेंदिवस वाढत जाईल. पाऊस येईपर्यंत ते चक्र जितकं फिरेल तितकी विहीर तुमच्या नातवंडांपासून लांब जाईल.

म्हणून तुम्ही एकच गोष्ट करा. या रविवारी, पंधरा तारखेला, सकाळचा मिस्सा संपला की घरी जाऊ नका. चर्चच्या दारातून सगळे सरळ टेकडीवर या, म्हातारी माणसं पुढे, बायका बरोबर. पहारेकरी तुमच्याच गावचा आहे, तो दार अडवणार नाही. मी तिथे असेन, पण दोराला पहिला हात माझा नको, इनासमामांचा असू दे. विहीर त्यांची आहे. तो दोर ओढा, खुंटीला बांधा, आणि पाऊस पडेपर्यंत कोणालाही सोडू देऊ नका.

जयवंत परब